नांदवेळचा बिनबैठकीचा प्याला

प्याला हातात घेऊन पाहा, पण टेबलावर ठेवायला जाऊ नका. तो उभा राहत नाही. दरवर्षी कुणीतरी पाहुणा तसा प्रयत्न करतो, प्याला आडवा होतो आणि गडगडत भिंतीपर्यंत जातो. कडेला पोचा आहे तो अशाच एका पाहुण्याचा. चांदी जुनी आहे, कड रुंद आहे, अंगावर डाळिंबाची फळे आणि पाने ठोकलेली आहेत. खाली मात्र प्याला निमुळता होत जातो आणि संपतो. त्याला बैठक नाही. रिकामा असेल तेव्हा आम्ही तो पालथा ठेवतो. भरलेला असेल तेव्हा तो कुणाच्या ना कुणाच्या हातात असावा लागतो.

नांदवेळ हे खाडीकाठचे गाव. इथे बेने इस्राएल लोकांची, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, एके काळी चाळीस घरे होती. आता चार आहेत. पूर्वी आजची ही प्रार्थनेची इमारतही नव्हती. जमातीच्या प्रमुखाच्या, म्हणजे मुकादमाच्या, घराच्या माजघरात प्रार्थना होई आणि आमच्यात प्रार्थनास्थळाला मशीद म्हणतात म्हणून जुनी माणसे त्या माजघराला मशीदच म्हणत. शनिवारी सकाळची प्रार्थना संपली की मुकादम सरबताचा प्याला उचलून आशीर्वाद म्हणे आणि मग सगळे एकेक घोट घेत. द्राक्षाची दारू इथे कुठून मिळणार? मनुका भिजवून, कुस्करून, गाळून ते सरबत करीत. अजूनही तसेच करतो.

सगळे घोट घेत असे मी म्हटले ते बरोबर नाही. इथूनच ही गोष्ट सुरू होते.

आमच्यात तेव्हा दोन भाग होते, गोरे आणि काळे. कातडीच्या रंगाशी याचा संबंध नव्हता. ज्याच्या घराण्यात कधीकाळी बाहेरची बायको आली, तो काळा. त्याची मुले काळी, नातवंडे काळी. बाहेरची बायको आणणारा पुरुष मात्र गोराच राहायचा. हा हिशेब कुणी केला ते ठाऊक नाही. ज्याने केला त्याला लाज नव्हती एवढे नक्की. काळ्यांनी माजघरात यायचे नाही, पडवीत बसायचे. त्यांनी तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, गुंडाळीला हात लावायचा नाही. आणि सरबताचे असे, की गोऱ्यांचे झाले की मुकादम प्याला पाटावर ठेवी. त्याचा पुतण्या तो उचलून पडवीत जाई आणि उंचावरून धार धरी. खाली काळ्यांनी करवंटी धरायची. पडवीच्या खुंटीला दहाबारा करवंट्या त्यासाठी टांगलेल्या असत.

अशा काळ्यांत एलोजी नावाचा एक चांदीचा कारागीर होता. चौलच्या एका सोनाराकडे तो काम शिकला होता. दाराच्या चौकटीवर लावायची मेझुझाची, म्हणजे पवित्र वचनांची, डबी, तोरा वाचताना ओळीवर फिरवायचा चांदीचा हात, पाळण्याला बांधायचे ताईत, नवरीची कर्णफुले, सगळे त्याच्याच हातचे. मुकादमाच्या दारावरची मेझुझाही त्यानेच केलेली. आत जाताना मुकादम बोटांनी तिला स्पर्श करून ती बोटे ओठांना लावी, आणि ज्याने ती घडवली त्याची सावली ओलांडताना धोतर आवरी.

चांदीच्या वस्तूला विटाळ का नाही, असे एकदा कुणीतरी मुकादमाला विचारले म्हणे. मुकादम म्हणाला, "आगीतून निघते ना ती."

"मग आम्हालाही एकदा भट्टीत घाला," एलोजी म्हणाला. पडवीतले लोक हसले. माजघरात कुणी हसले नाही.

मुकादमाचे नाव हसाजी. माणूस वाईट नव्हता असे सांगतात. दुष्काळात त्याने काळ्यांच्या घरीही भात पाठवला होता. मी हे सांगतो, कारण ऐकलेले सगळे सांगायला हवे. पण भात पाठवणाऱ्याचा हात आणि प्याला अडवणारा हात एकच होता, हेही सांगायला हवे.

एका वर्षी ठरले, की जुना पितळी प्याला कळकतो, नवा चांदीचा करावा. चांदी कुठून आणायची? बायकांनी दिली. गोऱ्यांच्या बायकांनी तोरड्या काढल्या, काळ्यांच्या बायकांनी वाळे आणि जोडवी काढली. एलोजीची आई सेगुलाबाई तेव्हा सत्तरीच्या पुढे गेलेली, दम्याने खंगलेली होती. तिच्या पायात लग्नातले वाळे होते. पाय सुजल्यामुळे ते निघेनात. एलोजी म्हणाला, "राहू दे आये, तुझ्यावाचून प्याला अडत नाही." ती म्हणाली, "अडतो. काप." तेव्हा त्याने आईचा पाय मांडीवर घेऊन कानशीने ते वाळे कापले. घोट्याला कानस लागली आणि रक्त आले. तिने ते पदराने टिपले.

मग एलोजी मुकादमाकडे गेला. तो म्हणाला, "मजुरी नको मला. एकच द्या. नव्या प्याल्यातला घोट माझ्या आईला मिळावा. करवंटीत नाही, धार धरून नाही. तुमच्या हातातून तिच्या हातात. एकदाच. तिचे दिवस भरत आलेत."

हसाजी उठून परसाकडे पाहत उभा राहिला. याचे कारण गावाला ठाऊक होते. सेगुलाबाईचा बाप हा हसाजीचा सख्खा चुलता होता. तिची आई आगरी होती, म्हणून सेगुला काळी ठरली, एवढेच. लहानपणी दोघे एकाच परसात खेळले होते. हसाजी सात वर्षांचा झाला, त्याला समज आली, आणि तेव्हापासून त्याने तिला हाक मारली नव्हती.

शेवटी त्याने दारावरच्या मेझुझावर हात ठेवला आणि म्हणाला, "दिला शब्द."

एलोजीने दोन महिने काम केले. सगळ्यांची चांदी एका मुशीत घातली, टाकणखार टाकला, भाता मारला. पत्रा ठोकून प्याला उठवला, आत राळ भरून बाहेरून डाळिंबे काढली. खाली फुलाच्या आकाराची रुंद बैठक डाग देऊन जोडली. सणाच्या शनिवारी प्याला पहिल्यांदा वापरायचा होता. आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, एलोजी तो घेऊन मुकादमाकडे गेला.

हसाजीने प्याला फिरवून फिरवून पाहिला. अंगणातल्या पाटावर ठेवून पाहिला. म्हणाला, "छान बसतो. उद्या असाच पाटावर ठेवीन."

एलोजीला वाटले आपण चुकीचे ऐकले. "पाटावर? हातात देणार होतात ना?"

"माझ्या मनात होतं. पण चार घरं बोलली. आज तुझ्या आईला दिला तर उद्या सगळे हात पुढे करतील. पाटावर ठेवतो, पुतण्या धार धरील. तिला दोन घोट जास्त देऊ."

"करवंटीत?"

"मग कशात? चांदी काय तुम्ही तोंड लावायला आहे?"

एलोजी म्हणाला, "मुकादम, या प्याल्यात माझ्या आईचे वाळे आहेत. कुठे आहेत ते दाखवा. तुमच्या बायकोच्या तोरड्या कुठे आहेत तेही दाखवा. तेवढा भाग वेगळा काढा आणि तेवढ्यालाच तोंड लावा."

"तोंड सांभाळून बोल. तू कारागीर आहेस, काम झालं, आता निघ."

इथे एलोजीने हाणामारी केली असती तर गोष्ट तिथेच संपली असती, आणि लोकांनी म्हटले असते, पाहा, काळे असेच. पण तो फक्त एवढेच म्हणाला, की उजाळा द्यायचा राहिलाय, सूर्य मावळायच्या आत प्याला आणून ठेवतो. हसाजीने प्याला परत दिला. एलोजी जाताना पडवीत थांबला, खुंटीवरच्या सगळ्या करवंट्या काढल्या आणि काखोटीला मारून घरी घेऊन गेला. सोनाराची भट्टी करवंटीच्या कोळशावरच चांगली पेटते. त्याने त्या जाळल्या. त्या आगीवर डाग सैल केला, बैठक उपटली आणि ती वितळवून तिचा गोळा केला. बैठक उपटताना तळाला पडलेले भोक पातळ पत्र्याने बुजवून, ठोकून, घासून गुळगुळीत केले. म्हणतात, त्या दुपारी त्याच्या हातोडीचा आवाज खाडीपलीकडे ऐकू येत होता आणि एकही ठोका ओला नव्हता, सगळे कोरडे. म्हणजे काय, ते मला कुणी नीट समजावून सांगितले नाही. मला वाटते, रडत नव्हता असे त्यांना म्हणायचे असेल.

सूर्य मावळण्यापूर्वी त्याने परातभर तांदळात प्याला रोवून ती परात पडवीपर्यंत आणली. वर रेशमी रुमाल घातला आणि पुतण्याने ती उचलून माजघरात ठेवली. तांदूळ शुभ, म्हणून कुणी काही विचारले नाही. चांदीचा गोळा त्याने पडवीतल्या दिव्याच्या कोनाड्यात ठेवला, कारण ती चांदी सगळ्यांची होती आणि चोरीचा आळ त्याला नको होता.

शनिवारी सकाळी माजघर भरले, पडवी भरली. मागच्या पडद्याआड गोऱ्यांच्या बायका होत्या. पडवीच्या टोकाला काळ्यांच्या बायका, त्यांत भिंतीला टेकून सेगुलाबाई. प्रार्थना झाली. पुतण्याने तांदळात उभ्या प्याल्यात सरबत ओतले. हसाजीने प्याला उचलला, आशीर्वाद म्हटला, सगळ्यांनी आमेन म्हटले. पडवीतून आमेन जरा मोठ्याने आले असे सांगतात.

त्याच वेळी एलोजी उंबरा ओलांडून माजघरात आला. आजवर कुणी काळा आत आला नव्हता, त्यामुळे त्याला अडवावे कसे हेच कुणाला सुचले नाही. त्याने परात उचलली, अंगणात गेला आणि तांदूळ उधळून दिले. मुकादमाच्या कोंबड्या धावत आल्या.

गोऱ्यांचा एकेक घोट झाला. प्याला हातोहात फिरून हसाजीकडे परत आला. प्याला मोठा होता, निम्म्याहून जास्त भरलेला होता. हसाजी पाटाकडे वळला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. प्याल्याला बूड नव्हते.

"हे काय केलंस?"

"उजाळा दिला," एलोजी म्हणाला.

"करवंटी आणा रे!" पुतण्या खुंटीकडे गेला आणि रिकामा परतला. खाली तिथे एक कोळसा ठेवलेला होता.

कुणी म्हणाले, आपणच पिऊन टाकू, प्रश्न मिटेल. तेव्हा प्रार्थना म्हणणारे म्हातारे हज्जान उठले. ते म्हणाले, "त्यांनी आमेन म्हटलंय. आमेन म्हणणाऱ्याला घोट मिळालाच पाहिजे. हसाजी, हा नियम तुझ्या आजोबांचा आहे. मोडायचा तर मोड, पण माझ्यासमोर नको." आशीर्वाद म्हटलेले सरबत जमिनीवर ओतणे तर त्याहून वाईट.

मग हसाजी पडद्याकडे तोंड करून ओरडला, "वाटी द्या कुणीतरी! चुंबळ द्या, तीवर ठेवतो!"

पाण्याला जाणाऱ्या बायकांच्या घरी चुंबळ नाही असे कधी होईल का? वाटी नाही असे होईल का? पण पडद्याआडून कुणी उठले नाही. हसाजीची बायको आपल्या पायांकडे पाहत बसली होती म्हणे. तिच्या तोरड्या त्या प्याल्यात होत्या आणि त्या देताना तिलाही कुणी काही विचारले नव्हते. पडवीतल्या बायकाही हलल्या नाहीत, कुणी ओंजळही पुढे केली नाही. पुरुषांना वाट्या कुठे असतात ते माहीत नव्हते.

हसाजी प्याला धरून उभा राहिला. दार पूर्वेला होते. सकाळी पाटापर्यंत आलेले ऊन मागे सरकत सरकत उंबऱ्याबाहेर गेले. दोन्ही हातांनी धरलेला प्याला कलू लागला, सरबत त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. कोंबड्यांनी तांदूळ संपवले. कुणीही घरी गेले नाही.

शेवटी तो उंबऱ्यापर्यंत आला. सेगुलाबाई भिंत धरत उठली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. सगळ्यांना वाटले, आता ती घेईल. पण तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"घे," हसाजी म्हणाला.

"कुणाला म्हणतोस?"

"तुला. घे, बाई."

"बाई तर तू मासळीवालीलाही म्हणतोस."

"सेगुलाबाई, घे."

"ते माझं नाव झालं. ते बापाने ठेवलंय, तुझ्या चुलत्याने. तू मला काय म्हणतोस ते सांग."

"आये, घे ना आता," एलोजी मागून म्हणाला. त्याने एवढे केले ते यासाठीच होते. मुकादमाच्या हातातून आईच्या हातात, एवढेच त्याला हवे होते, आणि ते आता वीतभर अंतरावर आले होते. ती त्याच्याकडे न वळता म्हणाली, "तू गप. तुझं काम झालं. आता माझं आहे."

आणि ती हसाजीला म्हणाली, "धर अजून. मला घाई नाही. साठ वर्षं झाली, अजून घटकाभर होऊ दे."

माजघरातून कुणीतरी ओरडले, "म्हातारे, मुकादमाचा अपमान करतेस?"

"तो उभा आहे," ती म्हणाली. "मी पण उभी आहे. दम्याने मेले तर त्याच्या उंबऱ्यावर मरेन, मग त्यालाच उचलावं लागेल. तेव्हा विटाळ बघा."

किती वेळ गेला ते वेगवेगळे सांगतात. कुणी म्हणतात ओहोटी लागून खाडी उघडी पडली, कुणी म्हणतात दुपारच्या प्रार्थनेची वेळ झाली. हसाजीच्या तोंडून शब्द निघाला तो इतका हळू, की मागच्यांना ऐकू गेला नाही.

"मोठ्याने," सेगुलाबाई म्हणाली.

"ताई," हसाजी म्हणाला. "घे, ताई."

तिने पदराखालून हात काढले आणि त्याच्या हातातून प्याला घेतला. त्याची बोटे आखडली होती, ती तिने एकेक करून सोडवली. एक घोट घेतला, जिभेवर घोळवला, आणि तिचा चेहरा बदलला. लोकांना वाटले आता ही रडणार. तिला राग आला होता.

"हे तर मनुकांचंच सरबत," ती म्हणाली. "मी घरी करते तसलंच. त्यात पाणी जास्त झालंय. एवढ्यासाठी तुम्ही आम्हाला..."

प्याला शेजारच्या बाईला देत ती म्हणाली, "घे, जावेबाई." तिने पुढच्या पोरीला "घे, भाची" म्हणत दिला. असा तो पडवीच्या टोकापर्यंत गेला.

यानंतर हसाजीने एलोजीला मिठी मारली, दोघे रडले, असेही काही लोक सांगतात. मला ते पटत नाही. कदाचित माझीच चूक असेल; पण जे मी जुन्यांकडून ऐकले ते असे, की सोमवारीच हसाजीने कोनाड्यातला गोळा चौलला पाठवला आणि प्याल्याला नवी बैठक जोडून आणवली. पुढच्या शनिवारी प्याला उचलताना ती सुटून पाटावर पडली. पुन्हा जोडली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा दुसऱ्या गावच्या सोनाराने जोडली, तीही सुटली. हा चमत्कार असे सगळे म्हणतात. चांदीच्या कामाची माहिती असलेले एक गृहस्थ मला म्हणाले, की तळाला लावलेला पत्रा फार पातळ आहे, त्यावर डाग टिकणारच नाही. एलोजीने तो मुद्दामच तसा लावला असणार. दोन्हींपैकी खरे काय ते मी ठरवू शकत नाही. पण सूड म्हणून कुणी असा पत्रा लावला असेल, तर तो कारागीर मोठा होता असे मी म्हणेन.

सेगुलाबाई त्या वर्षीच्या पावसाळ्यात गेली. हसाजी खांदा द्यायला आला होता, आणि एलोजीने देऊ दिला नाही. एलोजीने पुढे मशिदीसाठी काहीही घडवले नाही. मेझुझाची एक डबीही नाही. कुणी काम घेऊन आले तर विचारी, "हातातून हातात घ्याल?" आणि उत्तराला उशीर झाला की ऐरणीकडे वळे. जोडवी करून, आगऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या बायकांची कामे करून तो जगला.

गोरे-काळे हे भेद आता कुणी तोंडाने बोलत नाही. लग्न ठरवताना मात्र मुंबईहून, इस्राएलातल्या अश्दोदहून फोन येतात, आणि इकडचे तिकडचे विचारून झाल्यावर आवाज खाली जातो: "घराणं कसं आहे हो त्यांचं?" मी ऐकलेय. त्या फोनवर मी काय बोललो ते इथे सांगण्यासारखे नाही.

आजही नांदवेळला शनिवारी प्याला दारातल्या माणसापासून सुरू होतो आणि आत जातो. देणाऱ्याने घेणाऱ्याला नात्याने हाक मारावी लागते: काका, वहिनी, मामी, लेकी. नाते नसेल तर विचारून जोडावे लागते. तोवर घेणारा हात पुढे करीत नाही. मागच्या वर्षी शहरातले एक मोठे देणगीदार आले होते. प्याला हातात घेऊन ते समोरच्या बाईंना म्हणाले, "हं, पुढे द्या." त्या आमच्याकडे स्वयंपाक करतात. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. देणगीदारांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, ठेवायला जागा शोधली. कुणी त्यांना काही सांगितले नाही. सांगायचे नसते. देणाऱ्याने उभे राहायचे. किती वेळ, ते घेणारा ठरवतो.